वाळवंटातली शहरं दिवसा थंड आणि रात्री गरम कशी काय?

अबू धाबी किंवा अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या फिनिक्ससारख्या शहराचा भर उन्हाळ्यातला, दिवसाउजेडी काढलेला सॅटेलाइट नकाशा कधी हाताला लागला तर जरा नीट बघा. जास्त तापलेला भाग लाल, कमी तापलेला निळा असा तो रंगवलेला असतो, आणि शहर म्हणजे उष्णतेचं बेट असं आपण इतक्या वेळा ऐकलेलं असतं की नजर आपोआप मधोमध लाल ठिपका शोधायला लागते. पण इथे भलतंच दिसतं. बाहेरचं मोकळं वाळवंट लालभडक आणि शहराचे बरेचसे भाग त्याच्यापेक्षा गार. मग कोणीतरी लगेच म्हणतं की बघा, वाळवंटात हीट आयलंड वगैरे काही नसतं, उलट शहर वसवलं की गारवाच येतो. हे अर्धं खरं आहे, उरलेलं अर्धं सूर्य मावळल्यावर सुरू होतं.

आधी मूळ गोष्ट काय ते थोडक्यात. शहर आजूबाजूच्या मोकळ्या भागापेक्षा गरम असतं हे पहिल्यांदा आकडे घेऊन दाखवलं ल्यूक हॉवर्ड नावाच्या लंडनच्या माणसानं, 1800 नंतरच्या पहिल्या वीसेक वर्षांत. ढगांना आज आपण जी नावं देतो ती ठेवणाराही हाच. त्यानं शहरातली आणि बाहेरची तापमानं वर्षानुवर्षं लिहून ठेवली आणि त्याच्या लक्षात आलं की फरक मुख्यतः रात्रीचा आहे. म्हणजे ही रात्रीची भानगड आहे हे दोनशे वर्षांपूर्वीच कळलं होतं, पण नंतर सॅटेलाइट आले, रंगीत नकाशे आले, ते दिवसाचे जास्त फिरायला लागले आणि सगळ्यांच्या डोक्यात दुपारचं चित्र बसलं.

दुसरी गोष्ट अशी की लंडनच्या भोवती हिरवी शेतं होती, ओली माती होती. शहर गरम की गार हे कायम कशाच्या तरी तुलनेत ठरतं, आणि तुलना ओल्या हिरव्या जमिनीशी असेल तर शहर दिवसा पण गरमच दिसणार. वाळवंटात तुलना असते उघड्या वाळूशी, खडकाळ जमिनीशी, खुरट्या झुडपांशी. समोरचा बदलला की निकाल बदलतो, आपलं शहर तेच राहिलं तरी.

आता ती उघडी जमीन दिवसा एवढी का तापते ते बघू, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. जमिनीवर ऊन पडतं तेव्हा त्यातलं थोडं परत फेकलं जातं आणि बाकीचं जमीन पिऊन टाकते. त्यातलं काही ती डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांच्या रूपानं परत आकाशाकडे सोडत असते, पण जे उरतं त्याला जायला मुख्यतः तीनच वाटा असतात, एक म्हणजे ओलावा असेल तर त्याची वाफ करणं, दुसरी वरच्या हवेला तापवणं आणि तिसरी जमिनीत खाली झिरपणं. वाळवंटात पहिली वाट जवळजवळ बंद, कारण पाणीच नाही. तिसरी पण अरुंद, कारण कोरड्या वाळूच्या कणांमध्ये हवा भरलेली असते आणि हवा उष्णता पुढे सरकवायला अगदी आळशी. काँक्रीट कोरड्या वाळूच्या साधारण चार-पाच पट सहज उष्णता आत नेतं. म्हणजे वाळूवर पडलेली उष्णता वरच्या पातळ थरातच अडकते आणि तो थर भयंकर तापतो. खाली वीतभर खणलं तर तेवढं गरम लागत नाही. वाळूचा रंग डांबरापेक्षा बराच फिका असतो, ती जास्त ऊन परत फेकते, तरीही ती एवढी तापते ती याच कारणानं.

शहरात काय होतं? एकतर पाणी आलेलं असतं. बागा, लॉन, रस्त्याकडेची झाडं, गोल्फ कोर्स, पोहण्याचे तलाव, कुठेतरी कालव्याचं पाणी. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 2.4 मेगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालून खोलीतून सात-आठ मिनिटांत जेवढी उष्णता बाहेर काढतो तेवढी. एका लिटरमागे! आता पूर्ण शहरात रोज किती पाणी झाडा-गवतावर ओतलं जातं त्याचा अंदाज करा म्हणजे दिवसाचा गारवा कुठून येतो ते कळेल. दुसरं म्हणजे बिल्डिंगच्या सावल्या. तिसरं, आणि हे लोकांच्या लक्षात येत नाही, काँक्रीट, विटा, डांबर हे सगळं दिवसा उष्णता आत ओढून घेत असतं, त्यामुळे सकाळच्या वेळी त्यांचा पृष्ठभाग वाळूइतका पटकन चढत नाही. सॅटेलाइटला वरून फक्त पृष्ठभाग दिसतो, म्हणून त्याला वाटतं शहर गार आहे. ती उष्णता कुठे गेलेली नसते, भिंतीत जमा होत असते.

जाड बुडाचा तवा आणि पत्र्याचा पातळ तुकडा एकाच आचेवर ठेवून बघा. पत्रा लगेच तापेल, तवा वेळ लावेल, पण गॅस बंद केल्यावर पत्र्याला थोड्या वेळात हात लावता येतो आणि तवा मात्र बराच वेळ चटका देत राहतो. वाळवंट पत्र्यासारखं, शहर तव्यासारखं. गॅस बंद होण्याची वेळ म्हणजे सूर्यास्त.

सूर्य गेला की वाळूचा तो वरचा पातळ थर आपली उष्णता आकाशात सोडून भराभर गार होतो. वाळवंटातली हवा कोरडी, ढग नसतात, वाफ कमी, त्यामुळे जमिनीतून वर जाणारी इन्फ्रारेड उष्णता अडवायला कोणी नसतं. म्हणून तर वाळवंटात दिवस-रात्रीच्या तापमानात एवढा फरक असतो. शहर मात्र दिवसभर साठवलेलं रात्रभर हळूहळू बाहेर काढत बसतं. त्यात दोन उंच बिल्डिंगांमधल्या रस्त्याला आकाश दिसतंच कमी. एका भिंतीतून निघालेली उष्णता समोरच्या भिंतीवर आपटते, तिथली इकडे येते, थोडी सुटते, बाकीची तिथेच घुटमळते. या अभ्यासात काम करणारे लोक म्हणूनच रस्त्यात उभं राहून फिशआय लेन्सनं वरचा फोटो काढतात आणि आकाशाचा किती भाग उघडा दिसतो ते मोजतात. जितकं आकाश कमी तितकी रात्र गरम, असा साधारण हिशोब.

आणि अजून एक गोष्ट आहे जी मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात भारी वाटते, ती म्हणजे हवेच्या थराची जाडी. दिवसा वाळवंटावरची हवा तापून इतकी वरखाली घुसळली जाते की जमिनीवरून सुटलेली उष्णता दोन-तीन, कधी कधी चार किलोमीटर उंचीपर्यंत वाटली जाते. रात्री ही घुसळण थांबते आणि जमिनीलगत स्थिर हवेचा पातळ थर बसतो, कधी काही शे मीटर, कधी त्याहूनही कमी. म्हणजे तेवढीच उष्णता दिवसा सोडली तर ती प्रचंड मोठ्या हवेत विरून जाते आणि रात्री सोडली तर छोट्याशा थरात कोंडते. याचा थेट पुरावा एसीच्या अभ्यासातून मिळतो. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी 2014 मध्ये फिनिक्ससाठी कॉम्प्युटर मॉडेल चालवून बघितलं की सगळ्या शहराच्या एसींनी बाहेर फेकलेल्या गरम हवेचा काय परिणाम होतो. एसी सगळ्यात जास्त राबतात दुपारी, पण दुपारी परिणाम नगण्य निघाला. रात्री मात्र काही भागांत हवेचं तापमान 1 अंशापेक्षा जास्त वाढलेलं दिसलं. रात्री एसी दुपारच्या मानानं कमीच चालतात, तरी. आणि मग ते वाढलेलं तापमान खाली आणायला एसी परत जास्त चालवायचा, हे चक्र वेगळंच.

फिनिक्सचं नाव मी सारखं घेतोय कारण वाळवंटातल्या शहरांमध्ये इतका बारकाईनं अभ्यासलेलं दुसरं शहर सापडणं कठीण. सोनोरन वाळवंटात वसलेलं, आडवं पसरत गेलेलं, गाड्यांवर चालणारं. 2002 मध्ये आलेल्या एका अभ्यासात असं मांडलं होतं की शहर वाढल्यामुळे तिथलं चोवीस तासांचं सरासरी तापमान 3.1 अंश सेल्सिअसनं वाढलं, पण रात्रीचं किमान तापमान तब्बल 5 अंशांनी. हे दोन आकडे शेजारी ठेवले की बेट कुठल्या वेळेला उगवतं ते वेगळं सांगायला नको. नंतर त्यात जागतिक तापमानवाढीची भर पडत गेलीच. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत बरं का, एक पूर्ण पृथ्वीची आणि एक त्या शहरानं स्वतः करून ठेवलेली, पण तिथे राहणाऱ्याच्या अंगाला दोन्हींची बेरीजच लागते.

2023 च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग 31 दिवस कमाल तापमान 43.3 अंश किंवा त्याच्या वर गेलं. बातम्यांमध्ये हाच आकडा गाजला. पण त्याच जुलैमध्ये सलग 16 रात्री पारा 32.2 अंशांच्या खाली उतरलाच नाही, आणि 19 जुलैला तर सगळ्यात कमी तापमान होतं 36.1. म्हणजे पहाटे, दिवसातल्या सगळ्यात गार वेळेला, 36! मला विचाराल तर खरी बातमी ही होती. माणसाचं शरीर दिवसभराचा ताण रात्री भरून काढतं, हृदयाला जरा उसंत मिळते, झोप लागते. रात्रच गरम असेल तर दुसरा दिवस आधीच्या दिवसाचा ताण अंगावर घेऊनच सुरू होतो, तिसरा दोन दिवसांचा. त्या वर्षी फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत येतं तिथे उष्णतेशी संबंधित 645 मृत्यू नोंदले गेले. त्यात बेघर लोक खूप होते. आणि घरात जीव गेलेल्यांमध्ये एसी आहे पण चालत नाही अशी घरं भरपूर होती.

आता इथे एक गोंधळ मिटवायला हवा, कारण तापमान तापमान म्हणून आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतोय. सॅटेलाइट मोजतो ते पृष्ठभागाचं तापमान, म्हणजे छप्पर, रस्ता, झाडाचा शेंडा, वाळू, वरून जे दिसेल ते. हवामान खात्याचं स्टेशन मोजतं ते माणसाच्या उंचीच्या आसपासच्या हवेचं, तेही सावलीतल्या पेटीत. आणि तिसरं म्हणजे अंगावर चारी बाजूंनी येणारी किरणं, ऊन, रस्त्याकडून वर येणारी धग, भिंतीची धग, सगळं मिळून. उन्हात उभं राहिल्यावर जे भाजल्यासारखं होतं ते मुख्यतः या तिसऱ्या प्रकारामुळे. हवा 42 अंश असली तरी उन्हात आणि शेजारच्या दाट सावलीत हवेचं तापमान जवळजवळ सारखंच असू शकतं, पण किरणांच्या हिशोबानं वीस-तीस अंशांचा फरक पडतो. हे मोजायला अ‍ॅरिझोनातल्या संशोधकांनी चाकांची एक गाडीच बनवली, तिचं नाव मार्टी. सहा दिशांनी येणारी किरणं मोजणारे सेन्सर तिच्यावर बसवलेत आणि ती फुटपाथवरून ढकलत न्यायची.

तिन्ही आकडे खरे असतात, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात. इंटरनॅशनल स्पेस स्टेशनवर बसवलेल्या इकोस्ट्रेस नावाच्या उपकरणानं 19 जून 2024 ला दुपारी एकच्या सुमारास फिनिक्सचा नकाशा काढला तेव्हा तिथले रस्ते 49 ते 71 अंशांपर्यंत तापलेले दिसले. 71 हा हवेचा आकडा नाही, पण पडलेल्या माणसाच्या कातडीला हवेशी काही घेणंदेणं नसतं. तिथल्या भाजलेल्यांच्या हॉस्पिटलमध्ये दर उन्हाळ्यात नुसत्या रस्त्यावर पडून भाजलेले पेशंट येतात, म्हातारी माणसं, चक्कर येऊन कोसळलेले, नशेत पडलेले. डांबराचा आकडा तिथे जीवघेणा ठरतो. तोच आकडा दाखवून कोणी म्हणालं की शहराचं तापमान 71 झालं, तर ती थाप.

लँडसॅट हा सॅटेलाइट साधारण सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातो. सकाळी दहाला वाळू चढत्या क्रमात असते आणि काँक्रीट अजून गिळत असतं, म्हणजे शहर गार दिसायला ही वेळ अगदी सोयीची. मोडिस नावाचं उपकरण दोन सॅटेलाइटवर असल्यामुळे दिवसा दोनदा आणि रात्री दोनदा बघायचं, पण त्याचा एक ठिपका एक किलोमीटरचा, त्यात गल्ली आणि बाग वेगळी दिसत नाही. म्हणून असा नकाशा समोर आला की रंग बघायच्या आधी मी वेळ बघतो. वेळ लिहिलेली नसेल तर तो नकाशा भिंतीवर लावायला छान, निर्णय घ्यायला नाही.

हे तीन आकडे वेगळे न ठेवल्यानं काय होतं त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे फिनिक्सचे करडे रस्ते. 2020 पासून महापालिकेनं निवडक भागांतल्या डांबरी रस्त्यांवर ऊन परत फेकणारा फिकट लेप द्यायला सुरुवात केली. कल्पना सरळ आहे, काळं डांबर ऊन पितं, फिकट रंग फेकेल. युनिव्हर्सिटीसोबत मोजमाप केलं आणि 2021 मध्ये निकाल आला. दुपारी लेपवाला रस्ता साध्या डांबरापेक्षा साधारण 6 अंशांनी गार निघाला, मस्तच. रात्रीची हवा पण किंचित, अर्ध्या अंशाहून कमीच, गार. पण त्या रस्त्यावर भर दुपारी उभ्या राहणाऱ्या माणसावर येणारी किरणं वाढली, जवळपास 3 अंशांच्या हिशोबानं, कारण रस्त्यानं परत फेकलेलं ऊन आकाशात जाण्याआधी त्या माणसाच्या अंगावर येतं. साध्या काँक्रीटच्या फुटपाथवर चालल्यावर होतं साधारण तेवढंच. मग योजना फसली का? मला तरी तसं वाटत नाही. रस्ता कमी तापला की रात्री कमी ओकणार, आणि दुपारी बारा वाजता रस्त्याच्या मधोमध उभं कोण राहतं? पण हाच लेप शाळेच्या मैदानावर किंवा बस स्टॉपसमोर द्यायचा असेल तर दहा वेळा विचार करावा. दोहामध्ये 2019 मध्ये एका रस्त्याला असाच निळा थर दिला होता, फोटो जगभर फिरले, आणि फोटो बघून माणसाला तिथे कसं वाटतं हे काही कळत नाही.

दिवसाचा खरा राजा सावली. आणि हे जुन्या शहरांना चांगलंच ठाऊक होतं. मोरोक्कोतल्या फेझ शहरात एक अभ्यास झाला होता, जुन्या भागातली एक अतिशय अरुंद गल्ली, जिच्या भिंतींची उंची रुंदीच्या जवळपास दहापट, आणि नव्या भागातला एक रुंद रस्ता, दोन्हीकडे सेन्सर लावून. उन्हाळ्यात दुपारी गल्लीतली हवा रुंद रस्त्यापेक्षा सरासरी 6 अंशांनी गार, आणि सगळ्यात गरम दिवसांत तर 10 अंशांनी. हवेच्या तापमानात 10 अंशांचा फरक हा प्रकार नुसत्या लेपानं मिळत नाही. इराणमधलं यझ्द, राजस्थानातलं जैसलमेर, इथली जुनी वस्तीही याच धर्तीची, अंगाला अंग लावून उभी घरं, जाड भिंती, बारीक गल्ल्या. यझ्दमध्ये वर वारा पकडणारे मनोरे, दौलताबाद बागेतला मनोरा 33 मीटर उंच आहे, आणि जमिनीखालून पाणी आणणारे बोगदे, म्हणजे कनात.

पण थांबा, वर आपण म्हणालो होतो की आकाश कमी दिसलं की रात्र गरम. मग या गल्ल्या रात्री गरम नको का व्हायला? होतातच. फेझमध्येही रात्री खोल गल्ली रुंद रस्त्यापेक्षा गरमच होती. मग जुन्या लोकांनी काय केलं, तर त्यांनी दिवस आणि रात्र एकाच जागेत काढायचा हट्टच धरला नाही. दिवसा खाली, जाड भिंतींच्या आत, गल्लीच्या सावलीत, आणि रात्री गच्चीवर, जिथे पूर्ण आकाश उघडं. माणूसच दिवसातून दोनदा जागा बदलायचा. मला वाटतं हा उपाय आपण फार सहज सोडून दिला, बंद फ्लॅट आला, गच्चीवर टाक्या आणि एसीचे आउटडोअर युनिट आले, आणि मग रात्र काढायला यंत्राशिवाय जागाच उरली नाही.

नव्या वाळवंटी शहरांचं दुर्दैव असं की त्यांना दोन्हीतलं काहीच मिळालं नाही. रस्ते इतके रुंद की दिवसा सावली नाही, आणि सगळीकडे इतकं डांबर-काँक्रीट की आकाश उघडं असूनही रात्री ते रिकामं होत नाही. फिनिक्सच्या शहरी जमिनीचा साधारण दहावा भाग नुसता पार्किंगनं खाल्लाय. रिकामं पार्किंग म्हणजे दिवसा तळपणारं आणि रात्री धगधगणारं मैदान, उपयोग शून्य. अबू धाबीजवळच्या मसदार सिटीत मुद्दाम जुन्या पद्धतीच्या अरुंद सावलीच्या गल्ल्या आणि 45 मीटरचा वाऱ्याचा मनोरा बांधला, तो प्रयोग बघण्यासारखा आहे, पण आकारानं छोटा.

मग झाडं लावा की, असं कोणीही म्हणेल. लावाच, पण वाळवंटात प्रत्येक झाडाला पाण्याचं बिल येतं. बाष्पीभवनानं गारवा हवा असेल तर पाणी उडून जायलाच लागतं, तेच तर त्याचं काम, ते परत मिळत नाही. इथे गवत आणि झाड यात फार मोठा फरक आहे आणि तो लोक करत नाहीत. लॉन पाणी तर उडवतं पण सावली देत नाही. झाड पाणी घेतं आणि वर सावली देतं, म्हणजे एका पाण्यात दोन कामं. नेवाडा राज्यानं 2021 मध्ये कायदा केला की लास व्हेगासच्या परिसरात नुसत्या शोभेच्या लॉनला, म्हणजे रस्त्याच्या दुभाजकातलं, ऑफिसच्या दारातलं, ज्यावर कोणी कधी पाय ठेवत नाही असं गवत, त्याला 2026 संपल्यानंतर कोलोरॅडो नदीचं पाणी द्यायचं नाही. पाण्याच्या बाजूनं एकदम बरोबर. उष्णतेच्या बाजूनं अट एकच, गवत काढलेल्या जागी नुसती खडी पसरून ठेवू नका, कमी पाण्यावर जगणारी स्थानिक झाडं लावा, नाहीतर दिवसाचा गारवा पण गेला आणि सावली पण नाही.

पाणी आणि उष्णता एकमेकांना कशी ओढतात बघा. फिनिक्समधल्याच एका अभ्यासात 2007 मध्ये असं दिसलं की रात्रीचं किमान तापमान एक अंश फॅरनहाइटनं वाढलं की एका साध्या बंगल्याचा महिन्याचा पाण्याचा वापर सरासरी 290 गॅलननं, म्हणजे जवळपास 1,100 लिटरनं वाढतो. म्हणजे बेट तापतं म्हणून पाणी जास्त लागतं, आणि पाणी वाचवायला हिरवळ काढली तर बेट अजून तापतं. रियाधनं 2019 मध्ये पंचाहत्तर लाख झाडांची योजना जाहीर केली तेव्हा सोबत सांडपाणी शुद्ध करून वापरायची पाइपलाइन पण योजनेत घ्यावी लागली ती म्हणूनच. आणि ओल्या मातीचा एक लपलेला गुण म्हणजे ती कोरड्या वाळूपेक्षा जास्त उष्णता साठवते, त्यामुळे भरपूर पाणी दिलेली जमीन दिवसा गार असली तरी रात्री वाळवंटासारखी झटकन उतरत नाही. फुकट काहीच नाही.

समुद्रकाठच्या वाळवंटी शहरांचा हिशोब अजून वेगळा. दुबई, अबू धाबी, दोहा, कुवेत इथे समुद्रावरून वारा येतो, तो तापमान थोडं खाली आणतो आणि सोबत दमटपणा घेऊन येतो. दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणजे शरीराचा स्वतःचा कूलर बंद. शिवाय हवेतली वाफ रात्री इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे तिथे आजूबाजूचं वाळवंटही आतल्या कोरड्या वाळवंटासारखं गार होत नाही. थर्मामीटरवर रियाध जास्त दिसेल, पण अंगाला दोहा जास्त त्रास देऊ शकतं. अशा ठिकाणी फवारे आणि लॉन लावून गारवा आणायचा प्रयत्न म्हणजे दमटपणात अजून भर.

आणि हे बेट एकसंध नसतंच. शहराच्या आत गल्लीगणिक फरक असतो. जुन्या कालव्याकाठचा झाडीचा भाग, गोल्फ कोर्सशेजारचे बंगले हे दिवसा गार पट्टे. गोदामांची पांढरी-करडी छपरं, रेल्वे यार्ड, विमानतळ, हायवेचे जंक्शन हे गरम पट्टे. फिनिक्समध्ये घराचं वार्षिक उत्पन्न दर 10,000 डॉलरनं जास्त असेल तर त्या वस्तीतल्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे 0.28 अंशानं कमी, असं 2007 च्या एका अभ्यासात निघालं होतं. हा जमिनीचा गुण थोडाच आहे, हा पाण्याच्या बिलाचा गुण आहे. पैसे असतील तो झाडाला पाणी घालतो, नसतील त्याच्या अंगणात खडी आणि खिडकीला जुना एसी.

शेवटी सोलर पॅनेलबद्दल, कारण वाळवंट आणि सोलर हे लोक एका दमात बोलतात. अ‍ॅरिझोनातल्याच टुसॉन शहराजवळच्या एका सोलर प्लांटवर मोजमाप केलं आणि 2016 मध्ये छापून आलं की रात्री प्लांटवरची हवा शेजारच्या मोकळ्या वाळवंटापेक्षा 3 ते 4 अंश गरम असते. हे वाचून काही जण सोलरच्या नावानं बोटं मोडायला लागले. पण तुलना कशाशी होती ते बघा, उघड्या वाळवंटाशी. तेच पॅनेल पार्किंगवर उंच मांडवासारखे बसवले तर तुलना बदलते, कारण तिथे खाली आधीच डांबर आहे. पॅनेल दिवसा ते डांबर झाकतं, गाड्यांना आणि माणसांना सावली देतं, आणि डांबरानं दिवसभर ऊन प्यायलंच नाही तर रात्री ओकायला त्याच्याकडे असणार कमीच. मांडवामुळे डांबराला आकाश कमी दिसेल आणि थोडी उष्णता खाली अडकेल हे खरं, पण दुपारी आत गेलेली उष्णता आणि रात्री अडकलेली उष्णता यांची वजाबाकी केली तर माझं मत मांडवाच्या बाजूनं जातं. उघड्या वाळवंटात पॅनेल लावायला हजारो एकर शोधण्याआधी शहरातली ती तळपणारी पार्किंगं झाकायला हवीत.